सोळा तारखेपर्यंत

मंगळवार, २८ ऑक्टोबर

मी नाटकाला निघाले की आमच्या भावकीत कुणीतरी मरतं. हे रागाने लिहीत नाही, अनुभवाने लिहितेय.

१९८९ साली लग्नाला दोन महिने झाले होते. दादरला चंद्रप्रकाश नेरुरकरांचं ‘संगीत नीलध्वज’ लागलं होतं. तिकिटं माझ्या पर्समध्ये होती आणि दुपारी गावाहून तार आली, चुलतसासरे गेले. दहा दिवस सुतक. सत्त्याण्णवला ह्यांचा कुणी लांबचा चुलतभाऊ वारला, ज्याला मी जिवंतपणी पाहिलंही नव्हतं. २००८ मध्ये तर कुणी मेलंही नाही. ह्यांच्या पुतण्याला मुलगा झाला आणि सोयर लागलं. सोयरात नाटकाला जाऊ नये असं कुठे लिहिलंय कोण जाणे, पण मोठ्यांनी ठरवलं आणि विषय संपला. तो मुलगा आता कॉलेजला आहे. समोर आला की मला आधी नाटक आठवतं, मग त्याचं नाव.

साठ वर्षांची झाले. नेरुरकरांना रेडिओवर ऐकलं, कॅसेटवर ऐकलं, आता मोबाइलवर ऐकते. समोर एकदाही नाही.

आज पेपरात जाहिरात आली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा नीलध्वजाच्या भूमिकेत, फक्त पाच प्रयोग. शेवटचा आमच्या बोरिवलीच्या नाट्यगृहात, रविवार १६ नोव्हेंबर, दुपारी चार वाजता. घरापासून चालत वीस मिनिटं. मी जाहिरात कापून ह्या डायरीत ठेवली आणि भाजी करपवली.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

तिकिटं मिळाली. श्रुतिकाने ऑफिसात बसून मोबाइलवर काढली. दहा वाजता तिचा अंधेरीहून फोन. “आई, सी रो, मधोमध! लास्ट दोनच होत्या गं. झकास ना?” मला बोलताच येईना. तिला वाटलं फोन कट झाला.

मी म्हटलं, कागदावर छापून आण. म्हणाली, “अगं कागद कशाला, बारकोड दाखवायचा असतो.” दाखवायचा असेल. मला हातात काहीतरी पाहिजे.

दुसरं तिकीट ह्यांचं. ह्यांना दशावतारापलीकडे काही समजत नाही, पण “येतंय मी, तू एकटी खय जातलंस” म्हणाले. एवढंही पुष्कळ.

रविवार, २ नोव्हेंबर

संध्याकाळी तुळशीचं लग्न लावलं. मंगलाष्टकं संपतात न संपतात तोच गावाहून प्रीतमचा फोन. शेवंती काकी तीन दिवस नीट जेवत नाहीये.

शेवंती काकी ह्यांची सख्खी काकी, वय त्र्याण्णव. हे तीन वर्षांचे असताना आई गेली. काकी तेव्हाच विधवा झाली होती, मूलबाळ नव्हतं. तिनेच ह्यांना वाढवलं. हे तिला काकी म्हणतात, पण कुणी “आवस खय?” विचारलं तर बोट तिच्याकडेच दाखवतात. सध्या काकीच्या दुसऱ्या एका पुतण्याचा मुलगा प्रीतम आणि त्याची बायको तिचं करतात.

काकी मला पस्तीस वर्षांत एक वाईट शब्द बोलली नाही. हीच तर अडचण आहे. तिचा राग आला असता तर बरं झालं असतं.

फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? मी बोटांवर दिवस मोजले. चौदा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज हे बाजारात गेल्यावर मी देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं. गावी गुरव घालतो तसं, मोठ्याने. “बा देवा महाराजा, काकीला सोळा तारखेपर्यंत धरून ठेव. सतरापासून तुझी मर्जी. तिला त्रास देऊ नको, फक्त धरून ठेव.” होय महाराजा म्हणायला कुणी नव्हतं, तेही मीच म्हटलं.

मग चहा केला आणि तो तसाच ओट्यावर ठेवून दिला. मी एका बाईचं मरण पुढे ढकलायला सांगितलं होतं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी हे म्हणाले, “काकीक बघून येतंय गो. दोन दिसांत परत.”

मी लगेच म्हटलं, अहो गणपतीत महिनाभर राहून आलात ना. प्रीतम म्हणतो पेज घेते, बसते. उगाच धावपळ. सोळा तारीख झाली की दोघं जाऊ, चांगले आठ दिवस राहू.

हे उठले. गॅलरीत जाऊन उभे राहिले. समोरच्या इमारतीला रंग देताहेत, ते बघत बसले अर्धा तास. परत आले आणि म्हणाले, “बरा. सोळानंतर जावया.”

ह्या माणसाला सत्तरीतही गुडघेदुखी नाही, दम नाही, तीन मजले हातात दोन पिशव्या घेऊन चढतात. सकाळी बसले असते तर रात्री काकीजवळ असते. ते थांबले ते फक्त मी म्हटलं म्हणून. मी हे का लिहितेय? लिहून काय हलकं होणार आहे?

बुधवार, १२ नोव्हेंबर

काकी बरी आहे! काल माशाची कढी मागितली म्हणे. मला एवढा आनंद झाला की मी जोरात हसले. हे माझ्याकडे मायेने बघायला लागले. त्यांना वाटलं मी काकीसाठी हसले.

साडी ठरवली, जांभळी, बारीक काठाची. ब्लाउज दंडात घट्ट झालाय, शिवण उसवून घेतली.

नेरुरकर मला एवढे का हवेत, हे कुणी विचारलं तर सांगता येणार नाही, म्हणून इथे सांगते. मी सव्वीस वर्षं अंधेरीच्या एमआयडीसीत औषधांच्या पाकिटांवर तारीख छापायच्या मशीनवर होते. कधी बनवलं आणि कधी मुदत संपते, दिवसभर एवढंच. आमची सुपरवायझर माधुरी जेवणाच्या सुट्टीत रेडिओ लावायची. एक दिवस नीलध्वजाचं पद लागलं. राजा नगराच्या वेशीवर उभा आहे, राणी येणार म्हणून, आणि ती येत नाही, तरी तो आत जात नाही. एवढंच पद. पण तो आवाज! एक पुरुष एका बाईची वाट बघत होता. आमच्यात वाट बायकांनी बघायची असते, स्वयंपाक झाकून. माझा डबा तसाच राहिला. घंटा झाली तेव्हा मशीनवर गेले आणि पहिल्या दोनशे पाकिटांवर उलटी तारीख छापली.

ते पद मला एकदा समोरून ऐकायचंय. बाकी मला काही नको. खरंच काही नको.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उद्या आणि मग परवा. काकी झोपून आहे, पण बोलते. श्रुतिका कागदावर तिकिटं छापून देऊन गेली. जाताना म्हणाली, “आई, चिल ना यार. दहावीच्या पोरीसारखी काय करतेस?” दहावीला असताना माझं काय झालं होतं ते तिला काय माहीत. दहावीनंतर मला मुंबईला आत्याकडे धाडलं आणि कामाला लावलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर, दुपारी

काकी गेली.

हे दाढी करायला खाली गेले होते. फोन फ्रिजवर ठेवून गेले होते. सव्वादहाला वाजला. मी घेतला. प्रीतम रडत होता. तो मला काकी म्हणतो आणि शेवंती काकीला आजी.

“काकी, आजी गेली गो. आताच, धा वाजता. काकांका सांग. रातच्या गाडीत बसा. आमी उद्या सकाळी नवांपर्यंत ठेवतंव. आग काकांनीच देवची, आजीन तसा सांगान ठेवल्यान हा.”

मी जे बोलले ते शब्द न बदलता लिहिते. मी म्हटलं, “प्रीतम, त्यांचा गुडघा सुजलाय रे. तीन दिवस उठवत नाहीये. बारा तास गाडीत बसणं झेपायचं नाही. तुम्ही थांबू नका. उरकून घ्या.”

त्याने नाक ओढलं. मग विचारलं, “काका काय म्हणतत?”

मी म्हटलं, “तेच म्हणाले तसं.”

फोन बंद केला आणि तांदळाच्या डब्यात खाली खुपसला. डब्याचं झाकण लागेना. माझा मोबाइल आवाज बंद करून ठेवला. भावकीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं यायला लागली आहेत. हे त्या ग्रुपवर नाहीत, ह्यांचा फोन साधा आहे.

हे आले. गाल गुळगुळीत. “उद्या राजाबरोबर बसूचा हा मा!” म्हणून हसले. फोन विचारला, मी सांगितलं बिघडलाय, श्रुतिकाकडे देऊ.

अजून वेळ आहे. प्रीतमला फोन करून सांगता येईल, थांबा म्हणून. गाडी रात्री नऊला आहे. अजून वेळ आहे. मी हे दहा वेळा म्हणतेय आणि इथे बसून लिहितेय.

शनिवार, संध्याकाळी

एक नवीनच पंचाईत. सुतक कळल्यापासून लागतं. ह्यांना कळलं नाही, म्हणजे ह्यांना लागलं नाही. पण मला कळलंय. मला लागलंय. आणि दिवेलागणीला देवाजवळ दिवा मी लावते.

मी खोटं बोलू शकले. एका मेलेल्या बाईचं तोंड तिच्या पोराला दिसू दिलं नाही. पण सुतकात देवाला हात लावायचा म्हटल्यावर माझा हात पुढे जाईना. काडेपेटी घेऊन उभी राहिले आणि पुन्हा खाली ठेवली. कसली अक्कल ही! पण नाही लावला. ह्यांना म्हटलं, माझं डोकं दुखतंय, तुम्ही लावा.

हे देवाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग म्हणाले, “दूध हाडतंय,” आणि खाली गेले. पाऊण तासाने आले, दूध न घेता. सरळ मोरीत जाऊन डोक्यावरून आंघोळ केली. विचारलं तर म्हणाले, उकडतंय. नोव्हेंबरात कसलं उकडतंय? दिवा त्यांनीही लावला नाही. विसरले असतील. मी आठवण केली नाही.

जेवायला बसताना म्हणाले, “आमटीक फोडणी घालू नको आज. प्वाट बरा नाय.” सुटले मी! सुतकात फोडणी चालत नाही, ती न घालायला काय कारण सांगावं याचाच विचार करत होते. देव कुठेतरी मला सांभाळून घेतोय असं वाटलं, आणि लगेच स्वतःची शिसारी आली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

घरात एकटी आहे. कालचं सगळं लिहून काढते.

सकाळी ह्यांनी देवपूजा केली नाही. म्हणाले, राहूदे आज. जुना पांढरा सदरा घातला. मी ओरडले, सी रोमध्ये बसायचंय, इस्त्रीचा घाला. घातला नाही. मी जांभळी साडी नेसले, फुलं माळली नाहीत. नाट्यगृहाबाहेर बाई गजरे घेऊन बसली होती. हे थांबले आणि एक गजरा घेतला. पस्तीस वर्षांत ह्यांनी गजरा घेतलेला मला आठवत नाही. मी म्हटलं, नको, माझं डोकं दुखतं वासाने.

“घाल गो,” म्हणाले. “आज घाल.”

मी घातला. सुतकात गजरा. आणि ‘आज’ का म्हणाले याचा विचार केला नाही, कारण पहिली घंटा झाली होती.

तिसरी घंटा झाली, धूप आला, नांदी झाली. आणि नेरुरकर आले. टाळ्या थांबेनात. ते हात जोडून उभे होते, बारीक झालेत, मुकुट जरा मोठा होत होता. पहिल्या पदात आवाज बसका वाटला. पण दुसऱ्या अंकात वेशीवरचं पद सुरू झालं. वरचा स्वर आता पोचत नाही, तर त्यांनी तो खालूनच घेतला, जसा थकलेला माणूस घेईल तसा. कॅसेटमध्ये राजा वाट बघतो, तेव्हा त्याला खात्री असते. काल ज्याने वाट बघितली त्याला ती येणार नाही हे माहीत होतं, तरी तो उभा होता. लोक ‘वन्समोर’ ओरडले. मीही ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी पुन्हा गायलं.

खरं लिहिते. त्या तीन तासांत मला काकी आठवली नाही. मी इतकी सुखात कधीच नव्हते, लग्नात नाही, श्रुतिका झाली तेव्हाही नाही. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली.

पदाच्या वेळी एकदा ह्यांच्याकडे बघितलं. हात जोडून बसले होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मला वाटलं, ह्यांना पद पाठ आहे की काय. मध्यंतरात वडा घेतला नाही, चहाही नाही.

मी ठरवून ठेवलं होतं. नाटक सुटलं की आपल्याला आत्ताच फोन आला असं दाखवायचं. पायऱ्या उतरून कोपऱ्यात गेले, मोबाइल कानाला लावला आणि म्हटलं, “हॅलो? काय? कधी? अरे देवा!” पलीकडे कुणी नव्हतं.

हे समोर उभे होते. म्हणाले, “पुरे जानकी. दिवो लावलंस नाय तेवाच कळला माका.”

मोबाइल माझ्या कानालाच राहिला.

शनिवारी दूध आणायला म्हणून उतरले ते कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी प्रीतमला फोन केला होता. तोवर चार वाजताच आग दिली होती, प्रीतमने. “तू सांगितलंस म्हणून थांबले नाय ते,” एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. लोक आमच्या बाजूने जात होते, पद गुणगुणत.

मी विचारलं, “प्रीतमला काय सांगितलंत?”

“तो इचारी होतो, गुडगो कसो हा म्हणान. मी म्हटलंय, सुजलो हा.”

“मग नाटकाला का आलात? सगळं कळून?”

“माजी भेट चुकली ती चुकली. तुजी कित्याक चुकवू?”

त्यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं. घरी येऊन पिशवी भरली. मी म्हटलं, मीही येते. म्हणाले, “तू येव नको. तुज्या तोंडार दिसतला.” नऊच्या गाडीने गेले. मी तांदळाच्या डब्यातून फोन काढून दिला होता, त्याला तांदूळ चिकटले होते. त्यांनी ते पुसले आणि खिशात टाकला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

फोन केला, उचलला. “पोचलंय. बरा हा.” ठेवला. रोज एवढंच.

नेरुरकरांचं पद मोबाइलवर लावून बघितलं. बंद केलं. तो आवाज मला आता सहन होत नाही. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तेही हातचं गेलं. साठ वर्षं जगून माझ्याकडे एक गोष्ट होती, ती मी माझ्याच हाताने घालवली. कुणाकडे रडू? श्रुतिकाला सांगितलं नाही. ती म्हणाली, “बाबा एकटेच गेले? तू का नाही गेलीस?” मी म्हटलं, माझी तब्येत. आणखी एक खोटं. आता ही मोजायची सोडली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज काकीचं दहावं. संध्याकाळी प्रीतमचा फोन आला.

“काकी, काकांचो गुडगो खूपच वायट हा गो! खाली बसवना नाय तेंका. नदीर सगळे मांडी घालून बसले, काकांका खुर्ची दिली. उतरताना दोघांनी धरूचे लागले. मीच मगे आजीची काठी दिलंय तेंका.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“डाक्टराक दाखय. आणि एक सांगतंय, रागव नको. लोक बोलतत हंय. म्हणतत, गुडगो दुकलो म्हणान आवशीक आग देवक येव नये काय? गाडी करून येवचा होता. काका काय बोलनत नाय. खाली मान घालून ऐकतत.”

मी म्हटलं, “प्रीतम, काकांना फोन दे.”

ते आले. मी म्हटलं, “मी सांगते त्यांना. आत्ता सांगते, स्पीकरवर लावा. गुडघ्याला काही झालेलं नाही, मीच खोटं बोलले, सगळं माझं आहे.”

“आणि मगे?” ते हळू आवाजात म्हणाले, बाजूला गेले असावेत. “मगे तू खय ऱ्हवशीत? गावात पाय ठेवूक व्हयो ना तुका? श्रुतिकाक व्हयो ना? ऱ्हवांदे.”

“पण तुम्हाला बोलतात ते.”

“बोलूंदेत. चार दिवस बोलतले.”

आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाले, “पायरे सांभाळून उतरूचे लागतत, येवडाच.” ते हसले की काय मला कळलं नाही. हा राग आहे की माया, तेच कळत नाही. राग असता तर मला झेलता आला असता.

रविवार, ३० नोव्हेंबर

आले. डोकं तुळतुळीत, हातात काकीची काठी. काळी, गुळगुळीत, मुठीजवळ हाताने झिजलेली. तीन मजले काठी टेकत चढले. मी म्हटलं, अहो, आता कशाला? तर डोळ्यांनी खालच्या मजल्याकडे दाखवलं. खाली मिहिर राहतो, आमच्याच वाडीतला, ग्रामस्थ मंडळाचा सेक्रेटरी. तो दारात उभा राहून वर बघत होता.

आमच्या गावची पंधरा-वीस घरं तरी बोरिवलीत आहेत. बाजारात, देवळात, दवाखान्यात कुठे ना कुठे कुणीतरी भेटतंच. ह्याचा विचार मी त्या शनिवारी सकाळी सव्वादहाला केला नव्हता.

शनिवार, ६ डिसेंबर

हे आता सकाळी फिरायला जात नाहीत. पूर्वी रोज नॅशनल पार्कच्या गेटापर्यंत तरातरा जायचे. काल भाजीला बरोबर आले, काठी टेकत, सावकाश. मी दोन्ही पिशव्या घेतल्या. भाजीवाल्याने विचारलं, “बाबा, क्या हुआ?” ह्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. रस्ताभर मला त्यांच्या चालीने चालावं लागलं. लोक म्हणत असतील, किती सांभाळते बाई नवऱ्याला.

मी रडून सांगितलं, टाका ती काठी, मी मिहिरला सांगून टाकते. ते म्हणाले, “आता सवय झाली.” मी पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले, रागाने नाही, संकोचाने.

मला वाटलं होतं, सोसायचं ते एकदाच सोसून संपेल. मला माहीत नव्हतं की ते रोज सकाळी उठून पुन्हा सुरू होतं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आज दुपारी मिहिर गावाला गेलाय, खालचं दार बंद होतं. श्रुतिकाही आलेली नव्हती. आमचं दार मी आतून लावून घेतलं होतं, खिडक्यांना पडदे होते. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. हे पलंगावरून उठले.

घरात आमच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी ते मोरीपर्यंत काठी घेऊन गेले.